अखत्यारीबाहेरची माफी

ऑर्विल टेशने एल्डन ग्रोव्हच्या वाड्यावस्त्यांवर एकवीस वर्षं पत्रं वाटली, आणि त्या एकवीस वर्षांत त्याच्या हातून एकच पत्र वेळेवर पोचलं नाही. माणसाचं नशीब बघा, गावाच्या लक्षात राहिलं ते तेवढंच.

रोजची फेरी त्रेपन्न मैलांची, घरांपुढचे टपालाचे डबे एकशे बारा. गाडीचं चाक डाव्या सीटपुढे असलं तरी ऑर्विल उजव्या सीटवर बसायचा. डावा हात चाकावर, डावा पाय पेडलवर, म्हणजे खिडकीतून हात थेट रस्त्याकडेच्या डब्यात जाई. नोकरी गेल्यावरही तो गाडी तशीच चालवत राहिला, आणि पोरं हसली तरी त्याला समजायचं नाही की हसतायत कशाला. स्वभाव भलता चौकस. लोकांची पोस्टकार्डं वाचायची नाहीत असा नियम होता. तो नियम ऑर्विल जमेल तेवढा पाळी.

अल्मा हॅगरमनचा डबा फेरीतला सत्तरावा. ती विधवा, एकुलता एक मुलगा लाइल, आणि दोनशे एकर मका. नाताळच्या आदल्या दिवशी त्या डब्यात कापडात गुंडाळलेला दालचिनीचा केक असायचा, तो ऑर्विलचा. त्याच्या मागेपुढे कोणी नव्हतं, त्यामुळे त्याचा नाताळ म्हणजे तेवढाच.

अडुसष्टच्या ऑक्टोबरात लाइलच्या नावाने सैन्यभरतीचा लिफाफा आला. ऑर्विलला न उघडताही कळलं. तसले लिफाफे त्याने वर्षभर वाटले होते. मका उभा होता. आईने मुलासाठी सूट मागितली होती, ती नाकारली गेली होती. लाइल गेला तर काढणी करणार कोण? आमच्या मुलुखात काढणी चालू असेल तर लग्नं पुढे जातात, दात दुखला तरी दाताचा डॉक्टर पुढच्या महिन्यावर जातो. ऑर्विलने विचार केला, व्हिएतनामची लढाई काय, ती आठवड्याभरात संपत नाही. आधी मका घरात येऊ दे. त्याने लिफाफा घरी बियाण्यांच्या खणात ठेवला आणि काढणी झाल्यावर, तीन आठवड्यांनी, इमानेइतबारे डब्यात टाकला.

हजर होण्याची तारीख आत लिहिलेली असते आणि ती कुणाच्या मक्यासाठी थांबत नाही, हे त्या शहाण्याला सुचलं नाही. लिफाफा उघडला तेव्हा तारीख उलटून बारा दिवस झाले होते. पळपुटा म्हणून धरतील या भीतीने लाइलने त्याच संध्याकाळी गाडी काढली आणि कॅनडा गाठला. ऑर्विल आपल्या पायाने पोस्टात जाऊन सगळं कबूल करून आला. पण बैल गेला आणि झोपा केला. लाइल सरहद्दीपलीकडे होता, परतला असता तर आता तुरुंगच होता. न्यायाधीशांनी ऑर्विलला पत्र दाबल्याबद्दल दोषी ठरवलं, नोकरी गेली, आणि तो धान्याच्या कोठारावर पोती शिवायला लागला. अल्मा त्या दिवसापासून त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. चर्चमध्ये तो ज्या बाजूला बसे, त्याच्या विरुद्ध बाजूला ती. आठ वर्षं.

सत्त्याहत्तरच्या जानेवारीत नवे राष्ट्राध्यक्ष आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी भरती चुकवणाऱ्यांना सरसकट माफी दिली. ऑर्विलने रेडिओवर ऐकलं आणि हातातली सुई तशीच टाकून वाचनालय गाठलं. वाचनालय व्हर्ना सांभाळायची. ती त्याच्याबरोबर शाळेत होती, म्हणून त्याला बोलायचा हक्क तिला जन्माचा.

"व्हर्ना, त्या माफीत मी बसतो का बघ."

"तू? तू कधी भरती चुकवलीस? तुझे सपाट पाय बघून त्यांनीच तुला हाकललं होतं."

"थट्टा नको. मजकूर काढ."

वर्तमानपत्रात छापलेला मजकूर तिने बोट ठेवून वाचला आणि चष्मा काढला. "नाही रे. माफी फक्त भरतीच्या कायद्याखालच्या गुन्ह्यांना. तुझा गुन्हा टपालाच्या कायद्याखालचा."

"म्हणजे पत्र न पाळणाऱ्याला माफी, आणि पत्र उशिरा देणाऱ्याला नाही?"

"तसंच दिसतंय."

दुसरा कोणी असता तर चिडला असता. ऑर्विलला कुतूहल वाटलं. हा राष्ट्राध्यक्ष करू शकतो तरी काय काय? त्याने राज्यघटना मागून घेतली, आणि राष्ट्राध्यक्षांचा भाग एवढासाच निघाला म्हणून व्हर्नालाच दोष दिला, की तुझ्या पुस्तकाची पानं फाटलीत. मग पुढचे आठ-दहा दिवस रोज संध्याकाळी येऊन तो ओळीओळीला अडायला लागला.

"हे बघ. सैन्याचा प्रमुख हाच, पण युद्ध जाहीर करायचं तर काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी."

"हं."

"तह करायचा तर सेनेटच्या दोन तृतीयांश लोकांनी हो म्हणायचं. न्यायाधीश नेमायचा तरी सेनेटला विचारायचं. खर्चाला तर एक सेंटही त्याच्या हातात नाही. अगं, घरात आलेल्या नव्या सुनेला याच्यापेक्षा जास्त मोकळीक असते!"

"मग माफीला कोणाला विचारायचं असतं?"

ऑर्विलने पुन्हा वाचलं, ओठ हलवत. "कोणालाच नाही," तो हळूच म्हणाला. "माफी तेवढी एकट्याच्या मनाने."

हे त्याला फार आवडलं. त्याने न्याय खात्याकडून माफीच्या अर्जाचे कागद मागवले. त्याचा हिशेब सरळ होता: देशाच्या पहिल्या माणसाने माफ केल्यावर अल्मा हॅगरमन कोण नाही म्हणणारी? अर्जाला तीन ओळखीच्या, नात्याबाहेरच्या माणसांचे दाखले लागत होते. एक व्हर्नाने दिला, दुसरा कोठाराच्या मालकाने. तिसऱ्याचा कागद कोराच होता.

"अल्माकडे जा," व्हर्ना म्हणाली.

"आधी राष्ट्राध्यक्षांची माफी येऊ दे. मग जातो तिच्याकडे, कागद हातात घेऊन."

"वेड्या, तू ते वाक्य नीट वाचलंसच नाही." तिने पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. "अमेरिकेविरुद्ध केलेल्या गुन्ह्यांना माफी, असं आहे. अल्माविरुद्ध केलेल्या नाही. तो तिचा अखत्यार."

ऑर्विलने ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. मग पुस्तक मिटून निघून गेला. दोनदा तो अल्माच्या फाटकापर्यंत गेला आणि दोन्ही वेळा उजव्या सीटवरून उतरलाच नाही. धीर होत नव्हता. शेवटी त्याने तो कोरा दाखला लिफाफ्यात घातला. अर्ध्या मैलावरचं घर, हाताने डब्यात टाकता आला असता. पण तिकिटाशिवाय डब्यात काही टाकणं हा गुन्हा, आणि ऑर्विलला एकच पुरे होता. त्याने तिकीट लावलं आणि गावात जाऊन पेटीत टाकला.

मार्च गेला. लाइल परत आला, दाढी वाढलेला, बायकोसकट. ऑर्विलने त्याला लांबून पाहिलं आणि वाट बदलली. एप्रिलही निम्मा उलटला, तेव्हा एका दुपारी लाइलची गाडी थेट कोठाराच्या दारात येऊन थांबली.

"मिस्टर टेश, आईने हे दिलंय. तुमच्या डब्यातच टाकणार होती, पण तिकीट नव्हतं घरात. म्हणाली, फुकट टाकलं तर त्या भल्या माणसाला परत कोर्टात ओढतील."

"लाइल, मी तुझी आठ वर्षं..."

"त्या वर्षी मका घरात आला," लाइल म्हणाला. "राग खूप आला होता तुमचा. अजून थोडा आहे. पण मका आला." आणि तो गाडीत बसला.

ऑर्विलने कागद उलगडला. अर्जदाराला किती वर्षं ओळखता? एकोणतीस. तो विश्वासू आहे का? त्या रकान्यात अल्माच्या आखडलेल्या अक्षरात लिहिलं होतं: एक पत्र उशिरा आलं. बाकीची सगळी वेळेवर.

ऑर्विल पोत्यांवर बसला आणि रडला. लोक बघत होते तरी रडला.

महिन्याभराने व्हर्नाने विचारलं, "अर्ज गेला का वॉशिंग्टनला?"

"नाही."

"का? तिसरा दाखला मिळाला ना?"

"तो पाठवला तर तिकडेच राहील. मी ठेवलाय बियाण्यांच्या खणात."

"ऑर्विल टेश! परत पत्र दाबलंस?"

"या खेपेला माझ्या नावाचं आहे," ऑर्विल म्हणाला. "याला कुठलं कलम लागत नाही. मी बघितलंय."