जावयाची पिवळी नळी

भोकं बुजवण्यात माझा हात धरणारं बेंबळी गावात कुणी नव्हतं.

निजामाच्या अमलातली, ऐन थंडीतली गोष्ट. नणंद कमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि बाळंत झाली. सासूबाईंनी बजावलं, "बाळंतिणीला वारं लागू द्यायचं न्हाय!" झालं! खिडकीला गोधडी, दाराच्या फटीत चिंध्या, झरोक्यात गोणपाट... एकेक काम बोटांवर मोजून उरकलं. मधोमध कोळशाची शेगडी. (तीही मीच निवडलेली, घरातली सगळ्यांत मोठी!)

दोन दिवसांत कमलचं डोकं ठणकू लागलं, बाळ दूध ओढेना. सासूबाईंनी दृष्ट काढली. मी कोळसे वाढवले!

एवढ्यात जावईबापू आले. नोकरी कोळशाच्या खाणीत. बंद दारामागं शेगडी आहे हे कळताच ओरडले, "मामी, दोघांना आधी बाहेर काढा!"

"दहा दिवस न्हाय!" सासूबाई दार अडवून उभ्या.

तेव्हा त्यांनी पिशवीतून एक काचेची नळी काढली. आत पिवळे दाणे, मागं रबरी फुगा. मामंजींना वाटलं, अत्तरदाणी! त्यांनी मनगट पुढं केलं. "शिंपडा, जावईबापू!"

"अत्तर न्हाय, मामा. खोलीत वायू झालाय का, ते बघतो."

"वायू?" सासूबाई लालबुंद. "ओवा खातीया ती! चारचौघांत काय बोलता!"

आतून क्षीण आवाज आला, "आई, मला न्हाय झाला!"

जावईबापूंनी फटीतली चिंधी उपसली, नळी आत धरली, फुगा दाबून सोडला. पुन्हा दाबला. आणि आमच्या डोळ्यांदेखत पिवळे दाणे हिरवे होत गेले! ना धूर, ना वास. कोळशाची जी विषारी हवा कुणाला दिसली नव्हती, ती नळीत येऊन बसली होती. त्यांनी रंगांची पट्टी जवळ धरली. हिरवा पार शेवटच्या घरातला!

सासूबाईंनीच दार ढकललं. ओसरीवरच्या उन्हात बाळानं असा टाहो फोडला, की आम्ही सगळेच रडलो. संध्याकाळी उघड्या खोलीत दुसरी नळी धरली. ती पिवळीच राहिली. सासूबाईंनी हिरवीला हळदकुंकू वाहून तिला देव्हाऱ्यात ठेवलं.

जावईबापू मात्र खोलीत फिरत होते. "एवढी बंद खोली! मग दोघं वाचली कशी?" खाटेच्या उशाशी मोरीचं भोक सताड उघडं होतं. "वहिनी, हे राहिलं वाटतं?"

"उद्या बुजवणार होते," मी म्हणाले.

जन्मात माझ्या हातून राहून गेलेलं हे एकच काम. आणि घरात माझं कौतुक होतं, ते नेमकं त्याचंच!