वीस शाफ्ट, एकच माप

लोखंड कातणाऱ्या लेथवर अठ्ठावीस वर्षं काढल्यामुळे कारखान्यात त्यांना सगळे उस्ताद म्हणत. शाफ्टच्या गोल दांड्यावरून अंगठा फिरवला की माप कळतं, असं गेली दोन वर्षं ते छातीठोकपणे सांगत. लोक माना डोलावत, आणि लोक डोलावतात म्हटल्यावर हळूहळू उस्तादांनाही ते खरं वाटू लागलं होतं.

मग परदेशातली ऑर्डर आली. तिकडच्या साहेबांना अंगठ्याचं कौतुक नव्हतं. त्यांना प्रत्येक शाफ्टचं माप कागदावर हवं होतं. दोन आठवडे प्रशिक्षण, मग परीक्षा. नापास होणारा लेथ सोडून पॅकिंगला. खोक्यांना चिकटपट्ट्या लावत निवृत्त व्हायचं, ही कल्पनाच उस्तादांना सोसेना. बायकोला मात्र ऐटीत म्हणाले, "मला कोण शिकवणार? मीच शिकवून येईन त्यांना."

शिकवायला आलेली मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाची. तिच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून सगळं कळल्याचा आव आणण्यात उस्तादांचा हात कुणी धरू शकलं नसतं.

परीक्षेत पंचवीस मिलिमीटर जाडीचे वीस शाफ्ट करून ते मायक्रोमीटरने मोजायचे होते; दोन शतांश मिलिमीटरहून जास्त फरक चालणार नव्हता. उस्तादांनी शाफ्ट चकचकीत केले, अंगठा फिरवला आणि सुवाच्य अक्षरात वीस वेळा लिहिलं: २५.००.

मॅडमनी कागद पाहिला. "काका, वीसच्या वीस सारखे? नव्या मशीनवरसुद्धा असं होत नाही हो. मोजलेत का?"

थाप ओठांवर आली होती, पण बाहेर पडेना. "मायक्रोमीटरवरच्या रेघा दिसत नाहीत गं," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. चष्मा लावला तर उस्ताद म्हातारा झाला म्हणतील, म्हणून अंगठा पुढे केला." त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि हसूही आलं. एवढ्या खटाटोपापेक्षा चष्मा स्वस्तात पडला असता.

तिनं खणातलं भिंग दिलं आणि ती पुढच्या टेबलाकडे वळली.

उस्तादांनी पहिलाच शाफ्ट मोजला. २५.०६. पुन्हा मोजला. तेवढाच. साफ बाद माल. २५.०१ लिहून टाकलं तर कुणाला कळणार होतं? स्वतःला दोन शिव्या हासडून त्यांनी आकडा खोडला आणि खरा लिहिला.

मॅडम परत आली. "हे तुम्हीच खोडलंत?"

"हो. पॅकिंगला कधीपासून जाऊ?"

तिनं खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "आधी उरलेले एकोणीस मोजा. असं लिहिणारा माणूसच हवाय मला लेथवर."