दोन ओळींचं काम

माझ्या वडिलांची नोकरी एका प्रश्नामुळे गेली, असं आमच्या घरात मानलं जातं.

मी तेव्हा आठवीत होते. वडील शीळ रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्यात सतरा वर्षं रंग मिसळायचे. एक दिवस हातात पॅड घेतलेले दोन तरुण आले आणि प्रत्येक कामगाराला विचारत गेले, तुमचं काम काय? वडील म्हणाले, रंग मिसळतो, डबे भरतो. दोन ओळी. दमट हवेत मशीनचा आकडा बरोबर दिसला तरी रंग एक छटा गडद उतरतो, आणि तो डोळ्याने ओळखून वडील पांढरा वाढवायचे, हे त्यांनी सांगितलंच नाही. आपल्या तोंडाने आपलं काय सांगायचं, असं त्यांना वाटलं. शेजारच्या मशीनवरच्या माणसाने पानभर सांगितलं. तो बटण दाबायचा. चार महिन्यांनी कपातीची यादी लागली. त्यात वडील होते, बटणवाला नव्हता.

त्यानंतर कल्याणच्या कोळसेवाडीतल्या आमच्या एका खोलीत दूध यायचं बंद झालं. सकाळी कोरा चहा, संध्याकाळी कोरा चहा. वडील एका सोसायटीच्या गेटवर बसायला लागले, बारा तासांची ड्युटी. आई साड्यांना फॉल-बिडिंग करायची आणि मी शाळा सुटली की त्या साड्या घरोघर पोचवायचे. दोन वर्षं गावच्या जत्रेला गेलो नाही. लोकांनी विचारलं तर आई माझ्या परीक्षेचं कारण सांगायची, अगदी मे महिन्यातसुद्धा.

आणि वडिलांना एक सवय लागली. हातात कागद आणि पेन घेतलेला माणूस दारात आला की ते उभे राहायचे आणि विचारायचे, हे कशाला लिहून घेताय? मीटर बघायला येणाऱ्याला विचारलेलं, पल्स पोलिओवाल्या बाईला विचारलेलं. आमच्या घरात तर लहान मूलही नव्हतं.

अशा घरातून मी बी.एस्सी. आयटी केलं. घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी मुद्दाम सांगते, आणि जिथे जागा मिळेल तिथे सांगते.

नोकरी लागली ठाण्यात. कंपनी लहान होती. कारखान्यांमध्ये एक मोठं सॉफ्टवेअर बसवायचं काम, आणि त्यातही प्रत्येकाचा एकच तुकडा. कोणी हिशोबाचा, कोणी उत्पादनाचा. मला मिळाला स्टोअर आणि खरेदी, म्हणजे माल येतो कसा, ठेवतात कुठे, जातो कसा. तीन महिने शिकवणार, मग क्लायंटकडे पाठवणार, सहा महिन्यांनी काम बघून कायम करणार किंवा नारळ देणार. हुद्दा, ट्रेनी कन्सल्टंट.

वडिलांनी अर्थ विचारला. मी म्हटलं, सल्लागार.

"सल्ला?" ते म्हणाले. "बावीस वर्षांच्या पोरीला पगार देऊन सल्ला कोण इचारतंय? फसवतायत तुला."

मला न सांगता ते एक दिवस ठाण्याला गेले आणि त्या इमारतीच्या वॉचमनशी बोलून आले. वॉचमन वॉचमनला खरं सांगतो, असा त्यांचा विश्वास. ऑफिस चार वर्षं तिथेच आहे, दिवाळीला मिठाईचा डबा देतात, पोरं रडत बाहेर येताना दिसलेली नाहीत, एवढी माहिती त्यांनी आणली. तरी माझ्या प्रमाणपत्रांच्या झेरॉक्सवर त्यांनी आडव्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, "फक्त नोकरीच्या पडताळणीसाठी". आधार कार्डावर ती ओळ बरोब्बर फोटोतल्या माझ्या नाकावरून गेली. एचआरच्या मुलीने हे कोणी लिहिलं विचारलं, तर मी म्हटलं, आमच्याकडे असंच करतात. खरं तर संशय मलाही होताच. मूळ प्रमाणपत्रं मी तिला दाखवली, पण हातातून सोडली नाहीत.

तीन महिन्यांनी मला डोंबिवलीत मानपाड्याजवळच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात पाठवलं. तिथे रबराचे वॉशर आणि सील बनायचे. बरोबर माझे सर होते, टिळकनगरात वाढलेले, शुद्ध मराठी बोलणारे, घरात तीन पिढ्या शिकलेल्या. वाईट माणूस नव्हता. त्यांनी मला पहिलं काम सांगितलं ते असं: स्टोअरमधल्या प्रत्येक माणसाला भेट, तो काय काम करतो ते विचार, आणि आपल्या ठरलेल्या नमुन्यात लिहून काढ. सॉफ्टवेअर बसवण्याआधी हा कागद क्लायंटकडून मंजूर करून घ्यावा लागतो. माझं कायम होणं त्या कागदावर ठरणार होतं.

मी पॅड घेऊन स्टोअरमध्ये उभी राहिले आणि तोंड उघडेना. कारण विचारायचं होतं, तुमचं काम काय?

स्टोअरकीपर पन्नाशीचे, रत्नागिरीकडचे. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला मॅडम. त्या मॅडममध्ये मान नव्हता.

"लिहा मॅडम," ते म्हणाले. "माल येतो, मोजून घेतो, ठेवतो, मागितला की देतो. झालं. लिहून झालं की आम्ही घरी जायचं ना?"

मागे कोणीतरी हसलं. मी लिहिलं. दोन ओळीच झाल्या.

आधी मला वाटलं, माणूस काहीतरी लपवतोय. आमच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं की स्टोअरवाले माल दडवून ठेवतात, चौकशी नको असते. म्हणून मी चार दिवस तिथेच बसून राहिले, त्यांच्यावर नजर ठेवून. तेही माझ्यावर ठेवून होते. मी डबा उघडला की ते दुसरीकडे तोंड करून जेवायचे.

तिसऱ्या दिवशी गंधकाच्या गोण्या आल्या. कागद बरोबर, वजन बरोबर. माझ्या सॉफ्टवेअरने तो माल डोळे झाकून आत घेतला असता. काकांनी प्रत्येक गोणी खालच्या कोपऱ्यात अंगठ्याने दाबली आणि दोन गोण्या बाजूला काढल्या. मी कारण विचारलं. ते पुढच्या गोणीकडे वळले. एका सहायकाने हळूच सांगितलं की ओल लागली की गंधकाचे खडे होतात, रबर शिजताना फुगे येतात, सगळी लॉट जाते. ते खडे वरून कळत नाहीत.

"काका, हे लिहू?"

"हे काम नाही."

"मग काय आहे?"

"सवय आहे." मग पॅडकडे बघून म्हणाले, "आणि हे लिहिलंस तर उद्या कोणीपण दाबेल."

मॅडम गेलं, अगंतुगं आलं. पण बोलण्यातला राग तसाच राहिला.

त्याच दुपारी मी सरांच्या लॅपटॉपवर आमच्या कंपनीने क्लायंटला दिलेला प्रस्ताव बघितला. त्यात फायद्यांच्या यादीत एक ओळ होती, स्टोअरमधले कर्मचारी पाचवरून तीनवर. मी सरांना विचारलं, हे खरं आहे का.

"अगं, आपण सॉफ्टवेअर बसवतो. माणसांचं काय करायचं तो त्यांचा विषय."

"पण यादी आपण लिहिलीय, सर."

"सगळेच लिहितात. तू फार विचार करू नकोस, सोमवारी मीटिंग आहे."

म्हणजे माझ्या वडिलांचा संशय खरा होता. फक्त फसवलं मला जात नव्हतं. पॅड माझ्याच हातात होतं.

संध्याकाळी वडील ड्युटीवर निघण्याआधी बुटाच्या नाड्या बांधत होते, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, नोकरी सोड म्हणतील. त्यांनी एक नाडी बांधून झाल्यावर विचारलं, तो माणूस किती बोलला?

मी म्हटलं, दोन ओळी.

"त्याला भ्या वाटतंय, सगळं सांगितलं तर मशीन शिकंल. मला भ्या नव्हतं, मी लाजलो. पर दोघांचं एकच." दुसरा बूट घालून ते म्हणाले, "त्याचं सगळं काम लिही. आन् म्होरं त्याचं नाव लिही. निस्तं काम लिहिलंस तर ते कुणाचंबी हुतंय."

आमच्या नमुन्यात नाव लिहायची जागाच नव्हती. फक्त हुद्दा: स्टोअरकीपर, सहायक, सहायक. माणूस बदलला तरी कागद बदलू नये म्हणून. मी एक रकाना वाढवला आणि शनिवारी कागद घेऊन काकांकडे गेले. वाचून दाखवला, मराठीत. गंधक, ड्रमच्या झाकणाची क्लिप, कुठला पुरवठादार पावसाळ्यात गोण्या उघड्या टेम्पोतून पाठवतो, जेवढं बघितलं तेवढं सगळं.

काकांचा संशय वाढलाच. "माझं नाव कशाला? उद्या माल खराब निघाला की मलाच धरायला?"

 मी म्हटलं, धरतीलही. पण नाव नसलं तर तुम्ही गेलात तरी कोणाला कळणार नाही.

ते बराच वेळ रॅकवरच्या डब्यांची लेबलं सरळ करत बसले. मग म्हणाले, "लिही. पण माझ्या एकट्याचं नको. पोरांचं पण लिही."

तीन सहायकांना विचारून त्यांचीही कामं, त्यांची नावं टाकली. पाचवा कंत्राटी होता, बहिणीच्या लग्नाला गावी गेलेला. काका म्हणाले, तो बुधवारी येतोय, त्याला विचारून टाक. मी हो म्हटलं. त्याच्या जागी तेवढ्यापुरतं "सहायक, कंत्राटी" लिहून ठेवलं.

सोमवारी मीटिंगच्या आधी सरांनी कागद बघितला आणि नावं काढायला सांगितली. मी नाही म्हटलं. भांडले नाही. म्हटलं, सर, नावं काढलीत तर मी ती तोंडी सांगेन, मला पाठ आहेत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तुझं मूल्यमापन मी लिहिणार आहे हे विसरू नकोस, म्हणाले, आणि वेळ नव्हता म्हणून कागद तसाच पडद्यावर गेला.

कारखान्याचे मॅनेजर वाचत गंधकाच्या ओळीपर्यंत आले आणि थांबले. हे तपासणं कोणाकडे आहे, विचारलं. मी काकांचं नाव घेतलं. तेव्हा उत्पादन बघणारे साहेब, जे तोवर मोबाइलमध्ये होते, मान वर करून म्हणाले, "हा गणपतीत गावी गेलेला तेव्हाच आपल्या दोन लॉट फुगल्या होत्या. आपण मशीनला दोष देत बसलो."

मॅनेजरांनी विचारलं, ही तपासणी सॉफ्टवेअरमध्ये घालता येईल का. मी म्हटलं, येईल. माल आला की अडवून ठेवायचा, आणि काकांनी त्यांच्या लॉगिनने सोडल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नाही. सरांनीच पुढे होऊन ते नीट समजावलं, माझ्यापेक्षा चांगलं. कागद मंजूर झाला.

काकांना कोणी हात लावला नाही. तिघा सहायकांनाही नाही. कंत्राटी पोरगा बुधवारी आला तेव्हा गेटवर त्याला सांगण्यात आलं की इथलं काम संपलं, ठेकेदाराला भेट. त्याचं नाव मला आजही माहीत नाही. तो काय करायचा, तेही माहीत नाही. जेवताना काका पुन्हा दुसरीकडे तोंड करून बसले आणि मी काम संपवून तिथून निघेपर्यंत तसेच बसत राहिले.

सरांनी मूल्यमापनात लिहिलं: कामात बारकाई आहे, सूचना पाळण्यात सुधारणा हवी. दोन्ही बरोबर आहे.

सहाव्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी मला कायम केल्याचं पत्र मिळालं. त्यात माझं नाव आहे, हुद्दा आहे, असोसिएट कन्सल्टंट, स्टोअर आणि खरेदी. आता मी चौथ्या कारखान्यात काम करते आहे, आणि रजेवरची माणसं परत आल्याशिवाय कागद मंजुरीला देत नाही.