वन्संची नखाएवढी चित्रं

दोन उशांना अभ्रे घालून झाले होते, तिसरा अर्ध्यावर होता, तेवढ्यात वन्संचा फोन वाजला. दवाखान्यातली रिसेप्शनची बाई इतक्या जोरात बोलत होती, की मला उशी काखेत धरून सगळं ऐकू आलं.

"मॅडम, तुमच्या त्या चौकोनाला लोक खिडकी समजतायत! नंबर लावायचं राहिलं बाजूला, मलाच विचारतात, कुठली खिडकी उघडायची? आणि तो थेंब औषधाचा ना? एका आजोबांनी प्यायचं पाणी कुठे ठेवलंय म्हणून विचारलं. डॉक्टर म्हणाले, गुरुवारपर्यंत नीट झालं तर ठीक, नाहीतर काम दुसऱ्याला देऊ."

वन्सं "हो, हो" म्हणत राहिल्या. फोन ठेवून खुर्चीत बसल्या.

ह्यांची ही धाकटी बहीण, वय त्रेपन्न. आधी एका छापखान्यात कामाला होत्या, तो बंद पडला. मग चाळिशीत कॉम्प्युटर शिकून वेबसाइटसाठी आयकॉन काढू लागल्या. आयकॉन म्हणजे बटणावरचं बारकं चित्र. बघताक्षणी कळावं, इथे फोन लावायचा, इथे पत्ता. आता तसली चित्रं आयती फुकट मिळतात, त्यामुळे एकेक गिऱ्हाईक गळत गेलं. उरला हा डोळ्यांचा दवाखाना. तिथल्या पाटीवर, कार्डावर, वेबसाइटवर सगळीकडे वन्संचीच चित्रं. हेही गेलं तर नव्याने कुणाचे उंबरठे झिजवायचं त्राण त्यांच्यात नाही. बोलत नाहीत, पण मनगटाचा पट्टा आणि दुपारी डोळ्यांवर ठेवलेला ओला रुमाल मला दिसतो ना.

त्यांची एक रीत आहे. चित्र काढायचं, मग एकेक रेघ पुसत जायची. अंगठ्याच्या नखाएवढं छापून ते फ्रिजच्या दाराला चिकटवायचं. मी भांडी घासता घासता मान वळवायची आणि काय आहे ते सांगायचं. मी ओळखलं की चित्र पास. बारा वर्षं हेच चाललंय. देवाने माझ्या वाट्याला हेही एक काम दिलं, असं मी मानत आले.

आज त्यांनी तोच चौकोन पुन्हा चिकटवला.

"काय आहे हे, वहिनी?"

"कॅलेंडर. म्हणजे नंबर लावायचा."

"कशावरून?"

"अहो, वर जाड रेघ आहे की. तुमचं कॅलेंडर असंच असतं."

"माझं," त्या म्हणाल्या, आणि जुनी फाइल घेऊन बसल्या. पहिल्या कॅलेंडरला वर दोन कड्या होत्या, आत तारखांची घरं, खाली दुमडलेला कोपरा. पुढच्याला कोपरा नाही. मग घरं गेली, मग कड्या. आणि प्रत्येकाखाली त्यांच्या हाताने लिहिलेलं, 'वहिनी पास.'

आतून हे ओरडले, "तिला काय विचारतेस? तू रेघ मारायच्या आधीच तिला कळतं. कोरा कागद लाव, तोही पास करेल!"

"दादा, जन्मात पहिल्यांदा कामाचं बोललास," वन्सं म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "वहिनी, तुम्ही बाद."

"बारा वर्षांनी काढून टाकलंत होय मला?"

"बढती दिली. चहा टाका."

हसले मी, पण लागलं. नामस्मरणाला बसले तर मन ठरेना. वन्संचं काम राहू दे, एवढंच मागितलं आणि उठले.

संध्याकाळपर्यंत त्यांनी कड्या परत आणल्या, तारखांची घरं आणली, थेंबाच्या वर औषधाची बाटली आणि खाली डोळा काढला. मला जाता-येता स्क्रीनवर दिसलं तेवढंच, त्यांनी काही दाखवलं नाही. मी बघायला गेले तर कागद पालथा घातला.

उद्या नऊ वाजता वन्सं दवाखान्यात जाणार आहेत, बाकावर बसलेल्या पेशंटांना तो कागद दाखवून विचारायला.