जवसाच्या पानावरचे काळे ठिपके

जवसाचं पान करंगळीवर घेऊन, एक डोळा मिटून मुकादम ते उन्हाकडे धरायचे आणि म्हणायचे, "पाह्य बाबू, जळालं तेच वाचलं!"

नागपूरच्या सरकारी शेतावरचे हे आमचे मुकादम. तुम्हाला खोटं वाटेल, पण पिकावरचा तांबेरा रोग कळमेश्वराहून निघाला की यांना इथं शिंक येई. त्यांना अक्षरओळख नव्हती. मी कॉलेजात शिकलेला असिस्टंट. माझं डोकं तेव्हा टोपीत मावत नसे.

कुठलं झाड रोगाला पुरून उरतं ते बघायला एका वाफ्यात ते मुद्दाम तांबेरा पोसत. रोगट काड आणून जवसावर झटकत. त्या वर्षी सारा वाफा केशरी भुकटीनं माखून वाळला. सात झाडं तेवढी उभी. त्यांच्यावर भुकटी नाही, नुसते काळे ठिपके.

"तांबेऱ्याले जित्तं पान लागते खायाले," ते सांगत. "हे झाड काय करते, तो बसला तेवढी जागा सोताच जाळून टाकते. मंग तो खाईन काय, राख?"

"झाडाला अक्कल असते होय, मुकादम?"

"काहींले कालेजात न जाता बी असते गा!"

मजूर असे हसले की बैल बुजले. मला झोंबलं.

साहेब पाहणीला यायचे होते त्या सकाळी मुकादम मोटेवर होते. मुकादम काहीही सांगोत, ठिपका म्हणजे रोग, एवढंच मला ठाऊक. वाफा साफ दिसावा म्हणून मी सातही झाडं उपटून जाळली. बी धरायला अजून पंधरवडा होता.

साहेब आले ते नेमकी तीच सात झाडं बघायला.

"कुणी उपटली?"

मुकादमांनी माझ्याकडे पाहिलं. वाघाशी कुस्ती खेळल्याच्या बाता मारणारा मी, बुटांकडे बघत म्हणालो, "वाफा मुकादमांच्या ताब्यात होता."

ते पाठ फिरवून मोटेकडे गेले. त्याच दिवशी त्यांना कामावरून काढलं.

पुढं कधीतरी कळमेश्वरच्या बाजारात समोरासमोर गाठ पडली. आता चारचौघांत शिव्या खायच्या, म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी दंड धरला.

"बाबू, तशी झाडं पुन्हा गावली काय गा?"

कुठली गावतात! पण माझी जीभ सवयीनं चालली. "गावली ना! बारा. बी पण धरलं."

"बारा?" त्यांचे डोळे भरून आले. "मंग झालं. मले वाटे, गेलं सारं."

पुन्हा ते दिसले नाहीत. त्या दिवशी मात्र गर्दीत शिरता शिरता भाजीवालीला थांबवून सांगताना दिसले, "बारा गावली वं, बारा!"