युसुफभाईंची मोजणी

हे लिहायचं मी फार वर्षं टाळलं. असे गूढ अनुभव या सदरात वाचायचो आणि मनातल्या मनात हसायचो. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आता वय चौऱ्याहत्तर आहे... न सांगता गेलो, तर ते लपवणंच ठरेल.

जालना एमआयडीसीत सरकीच्या बियाण्याच्या एका लहान कारखान्यात मी सुपरवायझर होतो. आता तो कारखाना नाही. पत्र्याची लांब शेड, पुढे शटर, मागे लोखंडी दरवाजा आणि गेटजवळ एक कडुनिंब. आग लागली तर सगळ्यांनी त्या झाडाखाली जमायचं, असा नियम होता. दर महिन्याला त्याचा सराव घेणं माझं काम.

मी तो रजिस्टरमध्येच घ्यायचो. खुर्चीत बसून लिहायचो — 'सायरन वाजवला. सर्व कामगार बाहेर आले. मागचा दरवाजा उघडून पाहिला.' खाली माझी सही, आणि साक्षीदार म्हणून पॅकिंगचे मुकादम युसुफभाई यांची.

युसुफभाई रोज बदनापूरहून रेल्वेने यायचे. सही करताना दर वेळी म्हणायचे, "साहेब, एकदा तरी खराखुरा घेऊ. हे कागदं काय पळून दाखवणार हायेत का?"

एकदा त्यांनी घ्यायलाच लावला. सगळे हसत-खिदळत कडुनिंबाखाली जमले. पोत्यातून नमुना काढायची लोखंडी परखी युसुफभाईंच्या हातात कायम असायची. तिने प्रत्येकाच्या खांद्याला हलकेच टेकवत ते मोजू लागले.

"ओ युसुफभाई, मी काय सरकीचं पोतं हाय का?" कौसाबाई ओरडली.

"पोतं गप बसतं, मावशी. तुम्ही कुठं बसता?"

शेवटी परखी स्वतःच्या छातीला लावून म्हणाले, "एकेचाळीस... आणि एक मी. बेचाळीस. साहेब, बराबर!" मग हळूच माझ्याजवळ आले. "तेवढं मागच्या दरवाजाचं कुलूप काढा."

लोक मागे बिडी ओढायला जायचे. सरकीवरची लव एका ठिणगीने पेटते, म्हणून मी त्या दरवाजाला कुलूप लावायचो. म्हणजे आगीच्याच भीतीने. "उद्यापासून उघडा राहील," असा मी त्यांना शब्द दिला, आणि दोन दिवस ठेवलाही. तिसऱ्या दिवशी मागे बिडीची थोटकं दिसली आणि मी पुन्हा बाहेरून कुलूप लावलं. चावी खिशात. त्यांना सांगायचं... राहून गेलं.

पुढे महिनाभरात, दुपारची जेवणं झाल्यावर, मशीनजवळ लव पेटली. बघता बघता धूर झाला. युसुफभाई आरडाओरडा करत सगळ्यांना शटरमधून बाहेर काढत होते, हे मी पाहिलं. मी झाडाखाली पोचलो आणि शेडकडे पाठ करून अग्निशमन दलाला फोन लावला. धुराने सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेव्हा मागे मोजणी सुरू झाली. त्यांचाच आवाज, तोच सूर. "एकेचाळीस... आणि एक मी. बेचाळीस. साहेब, बराबर."

आमचा फिटर संतोष आत जायला निघाला होता. मी त्याचा दंड धरला. "सगळे बाहेर आहेत. मोजलंय."

क्षणभरात शेडचं छत खाली आलं.

कौसाबाईने इकडेतिकडे पाहिलं. "साहेब, युसुफभाई कुठं हायेत?"

"आत्ताच मोजलं ना त्यांनी!"

"मोजलं की. मला परखी लागली. ह्या इथं, खांद्याला... पण दिसून न्हाई राह्यले."

मी पुन्हा मोजलं. एकेचाळीस. परत मोजलं. एकेचाळीसच.

ते मागच्या दरवाजाशी सापडले. कोणी आत राहिलंय का ते पाहायला गेले असतील, पुढचा रस्ता बंद झाल्यावर मागे धावले असतील... दरवाजा उघडा आहे असं समजून. परखी हातातच होती.

पोलिसांना मी सांगितलं की दरवाजा उघडा होता. कुलूप कुणाच्या लक्षात येण्याआधीच मी ते काढलं होतं. हेही आज पहिल्यांदाच सांगतोय. सराव दर महिन्याला व्हायचा, असं म्हणून रजिस्टर पुढे केलं. त्यात त्यांचीच सही होती. रस्ता माहीत असून माणूस बाहेर पडला नाही, म्हणजे चूक त्याचीच, असं ठरलं.

संतोष म्हणतो, त्यांना शोधायला कोणी आत जाऊन मरू नये म्हणून त्यांनी स्वतःला मोजणीत धरलं. मला कळत नाही. भीतीने मला भास झाला म्हणावं, तर तो आवाज सगळ्यांनी ऐकला. आणि कौसाबाईचा खांदा? तेव्हा मागे वळून पाहिलं असतं तर, एवढंच राहून राहून वाटतं.

त्यांच्या चाळिसाव्या दिवसानंतर मी बदनापूरला गेलो. जालन्यापासून गाडीत एकच वाक्य घोकत होतो. त्यांच्या बायकोने, शमीमभाभींनी, चहा केला. समोर बसून त्यांनी शांतपणे विचारलं, "भाईसाब, आप तो वहीं थे। दरवाजा खुला था, तो ये निकले क्यूँ नहीं?"

मी चहा पीत राहिलो. मग "येतो, भाभी" म्हणून उठलो. नंतर तीनदा बदनापूर स्टेशनावर उतरलो आणि तिथूनच परत फिरलो. मागच्या वर्षी भाभी गेल्या. शेवटपर्यंत त्या हाच प्रश्न विचारायच्या, असं कळलं.

गाडीत घोकलेलं वाक्य अजून पाठ आहे. भाभी, दरवाजा बंद था। ताला मैंने लगाया था, और उनको बताया नहीं। मुझे माफ कर दो।