बाईच्या खिंडीत थांबणारी मोटार

ढवळूला लिहितावाचता येत नव्हते, पण इंजिनाचा आवाज ऐकून कुठल्या नळीत कचरा अडकला आहे ते तो सांगे. तो जव्हारजवळच्या पोशेरे गावचा, भात आणि नागली पिकवणाऱ्या घरातला. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला म्हणून घराबाहेर पडला, तिथून नाशिकला एका मोटारदुरुस्तीच्या दुकानात तीन वर्षे राहिला आणि परत आला तो हातांना तेलाचा वास घेऊनच. माझे यजमान जव्हारला डॉक्टर. सन पस्तीसमध्ये ह्यांनी एका व्यापाऱ्याची जुनी मोटार घेतली. तेव्हा संस्थानात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्याच, आणि त्या उघडून पुन्हा जोडू शकणारा आमच्या माहितीतला माणूस एकच, ढवळू. तोच आमची मोटार चालवू लागला.

तो मला "बाय" म्हणे आणि ह्यांनाही एकेरीच बोले. त्यांच्या बोलीत देवालाही तू आणि राजालाही तू. हे मोटारीचे दार धाडकन लावत, तेव्हा तो म्हणे, "डॉक्टर, पेशंटचं पोट पन असंच दाबतोस का?" हे हसत. दुसऱ्या कोणाला ह्यांनी ते खपवून घेतले नसते.

त्याची बायको नवशी. रानभाजीची टोपली घेऊन ती आमच्या मागल्या दारी येई आणि मोटारीकडे तिरके बघून म्हणे, "बघ बाय, ही याची दुसरी बायको. बोलत नाय ना, म्हून जास्त आवडते."

जव्हारहून पोशेऱ्याच्या अंगाला जाताना एक खिंड लागते. पूर्वी रस्ता करताना तिथे खडी फोडणारी एक बाई दरडीखाली गेली, तिचे क्रियाकर्म कोणी केले नाही आणि ती तिथेच राहिली, असे लोक सांगत. पायी जाणारा प्रत्येक जण वळणावर झाडाची एक डहाळी मोडून ठेवतो. ठेवून ठेवून वाळल्या पाल्याचा ढीग कमरेइतका झाला होता. आमची मोटार दुसऱ्या वर्षापासून नेमकी त्याच चढावर बंद पडू लागली. ढवळूने कारण सांगितले, "चालणारा डहाळी ठेवतो. आपन बसल्या बसल्या जातो. ती अडवनारच."

मग तो उतरून डहाळी ठेवी, उदबत्ती लावी आणि ती जळेपर्यंत ढिगापाशी बसून राही. त्यानंतर हँडल मारले की मोटार सुरू. एकदाही चूक नाही. हे म्हणत, "पंप तपासून घे रे एकदा." पण चालते आहे ना, म्हणून त्यांनीही जोर केला नाही. आणि उदबत्तीचा पुडा आणि नारळ मोटारीत कोण ठेवी? मी. देवाला हात जोडताना त्या बाईलाही हात जोडायला काय जाते, असे मला वाटे.

अडतीसच्या चैत्रात नवशी बाळंतपणासाठी पोशेऱ्याला सासूकडे होती. दोन दिवस कळा येऊन मूल सुटेना, म्हणून सुईणीने निरोप धाडला. ह्यांनी इकडे पाणी उकळायला सांगितले, हत्यारे काढली आणि ढवळूला तिला आणायला पाठवले. तो निघाला तशी मी फाटकापर्यंत धावत गेले आणि नारळ त्याच्या हातात दिला.

दुपार टळली तरी मोटार आली नाही. दिवे लागायच्या आधी आली, ती बैलांनी ओढत. मागे गोधडीवर नवशी होती. शेजारी ढवळूची बहीण पुतळी तिचे डोके मांडीवर घेऊन बसलेली. तीच बोलली. येताना मोटार खिंडीत थांबली. ढवळूने डहाळी मोडली, नवशीचा हात लावून ती ढिगावर ठेवली, नारळ फोडला, उदबत्ती लावली. ती जळाली, मोटार सुरू होईना. दुसरी लावली. तिसरी लावली. तो दगडासारखा बसून. नवशी आतून म्हणत होती, "चल ना. चल." तिसऱ्या उदबत्तीला ती बोलायची थांबली.

त्या दिवसापासून मोटार आमच्या अंगणातल्या पडवीत उभी राहिली. बायको आणि न जन्मलेले मूल गमावून ढवळू गावी गेला. मी मोटारीतली बैठक पुसली, गोधडी जाळली, पण आतला उदबत्तीचा वास जाईना. पावसाळा सरला तरी जाईना. सकाळी तुळशीला पाणी घालताना पाठीमागे पडवी असे, आणि पाठीमागून कोणी "चल ना" म्हणेल या धास्तीने मी प्रदक्षिणा अर्ध्यावर सोडून घरात येई. देवापुढे बसले की नारळाकडे बघवत नसे. त्या वर्षी मी नारळ फोडला नाही.

दिवाळीनंतर ह्यांनी नाशिकहून नवा पेट्रोलपंप मागवला आणि तो बसवायला तिथल्याच एका मिस्त्रीला बोलावले. ती बातमी पोशेऱ्यापर्यंत कशी गेली कोण जाणे. मिस्त्री यायच्या आदल्या सकाळी ढवळू अंगणात उभा. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"मी बसवतो," तो म्हणाला.

"बसव," हे म्हणाले. "जुना काढून टाक, नवा लाव. तासाभराचे काम."

"जुना मी उघडनार हाय."

"कशाला? फेकायचाच तर आहे."

"तिला खिंडीतल्या बाईनं नेली का मी, ते त्यात हाय. उद्या तुझा मिस्त्री उघडील आन हसत सांगंल. त्याच्यापरीस मी बघतो."

दवाखान्याची वेळ झाली असूनही हे पायरीवर बसून राहिले. मी आत जाऊ शकले असते, पण गेले नाही.

त्याने बोनेट उचलले. मागच्या टाकीतून येणारी नळी सोडवून तिच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकली, मग इंजिनाकडे जाणारी नळी सोडवली. इंजिनाच्या कुशीला दोन बोल्टांवर बसलेला पंप हातात आला, वाटीएवढा. तो ताटात ठेवला आणि कडेचे सहा स्क्रू एकेक करून काढले. सवयीचे काम हात आपले आपणच करतात. वरची वाटी उचलली. आत कापडाचा, रोगण दिलेला गोल पडदा असतो. तो खालीवर होतो आणि टाकीतले पेट्रोल ओढून इंजिनाला देतो, एवढे मला त्या दिवशी कळले.

पडदा मधोमध चिरला होता. ढवळूने चिरेवरून नख फिरवले. कडा काळ्या, कडक झालेल्या. पंपाच्या बुडाशी एक बारीक भोक होते, तिथे गळलेल्या पेट्रोलचा आणि धुळीचा थरावर थर साचला होता.

"जुनी चीर हाय," तो म्हणाला. "दोन वरसांची. चढाला इंजिन तापायचं, मंग फाटका पडदा पेट्रोल ओढीना. मी उदबत्ती लावून बसायचो तवर थंड व्हायचं. मंग चालायची." पडदा सोडवून बाजूला ठेवत म्हणाला, "त्या दिशी पुरताच फाटला. डबा टपावर बांधून रबरी नळीनं सरळ इंजिनात पेट्रोल सोडलं असतं तरी घरापावत आली असती. नाशकाला मी कितींदा केलंय तसं. मला ठावं होतं, बाय. पन मी डहाळी मोडत बसलो."

"नारळ मी दिला होता," मी म्हणाले.

"पंप बघ म्हणालो आणि सोडून दिले ते मी," हे म्हणाले.

त्याने आमच्या दोघांकडे पाहिले. आम्ही त्याचा वाटा थोडा उचलू पाहत होतो, पण तो काही देईना.

नवा पंप बसवताना खाली घालायचा पुठ्ठा फाटला, म्हणून मी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा आणून दिला. त्याने तो कात्रीने बेतून कापला, पंपाचा दांडा आतल्या चाकावर नीट टेकला आहे ना हे दोनदा बोट घालून पाहिले, बोल्ट आवळले, नळ्या जोडल्या. बसण्याआधी बैठकीखाली हात घातला आणि त्या दिवशी मोडून ठेवायची राहिलेली एक वाळलेली डहाळी बाहेर काढली. पाने बोटात चुरली. ती त्याने फाटक्या पडद्याबरोबर सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग हँडल मारले. आठ महिने मुकी असलेली मोटार चौथ्या फेऱ्याला बोलली. ढवळू ती खिंडीच्या चढावर नेऊन बघणार होता.

"मी येते," मी म्हणाले. हे नको म्हणाले नाहीत.

खिंडीचा चढ आला. मी डोळे मिटून दत्ताचे नाव घेत होते. इंजिनाचा आवाज जड झाला, पण तुटला नाही. डोळे उघडले तेव्हा पाल्याचा ढीग डाव्या हाताला होता, मागे पडत होता. मोटार वर माथ्यावर आली आणि ढवळूने ती थांबवली. स्टिअरिंगवर डोके ठेवून तो म्हणाला, "नव्हती, बाय. कधीच कोनी नव्हती हितं. आता मी शिव्या कोनाला घालू?"

उन्हे कलेपर्यंत आम्ही माथ्यावरच होतो, मग त्याने मोटार वळवली.

येताना त्याने वळणावर स्वतःहून इंजिन बंद केले. खिशातली डहाळी ढिगावर ठेवली, तिच्याखाली फाटका पडदा सारला आणि एक उदबत्ती जळेल इतका वेळ बसून राहिला. उदबत्ती मात्र लावली नाही. पुढे नऊ वर्षे त्याने आमची मोटार चालवली. दर अमावास्येला पंप उघडून पडदा उजेडात धरून बघे, आणि खिंडीत थांबे. पेशंट मोटारीत असला तर थांबत नसे, मग परतताना एकटा थांबे.

लोक बघतातच. हळूहळू त्या खिंडीला नवशीची खिंड म्हणू लागले. इतर मोटारवालेही तिथे गाडी उभी करून डहाळी ठेवू लागले, नवशी अडवते म्हणून. एकदा आमच्या अंगणात साखरशेत गावचा बाबल्या ढवळूच्याच तोंडावर म्हणाला, "तुझी बायको लई कडक हाय बाबा. परवा माझी बैलगाडी अडवली तिनं."

मला वाटले, ढवळू आता उठून त्याला मारतो. तो उठला नाही. हातातला पान्हा फडक्याने पुसत राहिला आणि इतक्या हळू बोलला की बाबल्याला पुढे वाकावे लागले.

"ती नाय अडवत रे. ती तर चल म्हनत होती."